मागे कोण बसतं?

दाब्याला त्याचं खरं नाव विचारलं असतं तर तोही क्षणभर अडखळला असता. दुचाक्यांचे शॉकअप आणि पुढचे फोर्क दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. उभी गाडी दिसली की तिचं सीट तळव्याने दाबून बघितल्याशिवाय त्याला पुढे जाववत नसे. सासुरवाडीला पहिल्यांदा गेला तेव्हासुद्धा त्याने आधी सासऱ्यांची गाडी दाबली आणि मग सासऱ्यांना नमस्कार केला.

आणि अशा माणसाच्या सख्ख्या थोरल्या भावाने त्याला न विचारता जुनी मोटरसायकल घेतली. दादा निवृत्त कारकून, वहिनी जाऊन काही वर्षं झालेली, जन्मभर सायकलच्या पुढे न गेलेला. तो वर्कशॉपच्या दारात स्टँड लावून उतरला तेव्हा दाब्या बघतच राहिला.

गाडीला नवा रंग मारला होता. वरून कीर्तन, आतून तमाशा. दाब्याने पुढचा ब्रेक धरून हँडल दाबलं तर फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ आला; सील गेलेली. मागचं चाक धरून आडवं ओढलं तर ते पडायला आलेल्या दातासारखं हललं, म्हणजे आतले बुश संपलेले. मागच्या दोन शॉकअपपैकी डावा तेल गाळून मेलेला, आणि उजवा सगळ्यात कडक खाचेवर आवळलेला. आधीचा मालक पोती वाहत असणार.

"हिच्यावर बसून तू इथवर आलास?"

"महिनाभर फिरतोय," दादा म्हणाला. "जे लागेल ते कर. पण मागचं मऊ करून दे. मागे बसणाऱ्याला धक्का लागता कामा नये."

"मागे कोण बसतं?"

दादा चक्क लाजल्यासारखा रस्त्याकडे बघायला लागला. दाब्याचे डोळे पांढरे झाले. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते काही उगाच नाही. घरात आई खाटेला खिळलेली, आणि हा कोणाला तरी मागे बसवून गावभर हिंडतोय.

आई दादाकडे राहायची. मोरीत पाय घसरून तिचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टर म्हणाले, जपा. त्या 'जपा'चा अर्थ दाब्याने लावला: खोलीबाहेर पाऊल नाही. आई म्हणायची, मला जरा बाहेर ने रे. तो म्हणायचा, "रस्ते कसले आहेत ते मला विचार, आई. त्यांनी मोडलेल्या गाड्याच दुरुस्त करतो मी." रविवारी येऊन तो खाटेशेजारच्या खुर्चीत बसे, औषधं झाली का विचारे आणि जाई.

त्याने सील बदलली, फोर्कमधलं काळंकुट्ट तेल काढून नवं भरलं, नवे बुश ठोकले, मागे शॉकअपची चांगली जोडी बसवली. मग दादाला फोन लावला. "मागे बसणारं माणूस घेऊन ये. वजन बसल्याशिवाय स्प्रिंग किती मऊ लावायची ते कळत नाही."

"अंदाजाने लाव ना."

"मी काय ज्योतिषी आहे?"

खरं तर अंदाजाने लागली असती. त्याला ती बाई बघायची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात रिक्षा थांबली. आधी काठी उतरली. मग दादाच्या खांद्यावर हात टाकून आई उतरली.

 दाब्याच्या हातातला पाना पायावर पडला तरी त्याला कळलं नाही. मग तो एकदम ओरडला. "दादा, अक्कल आहे का तुला? त्या मेलेल्या शॉकअपवर आईला? एक खड्डा चुकला असता तर?"

गाडीची किल्ली त्याच्या खिशात होती. ती आता द्यायची नाही, हे त्याने तिथेच ठरवलं.

"त्याला बोलू नकोस," आई म्हणाली. "मीच घ्यायला लावली गाडी, आणि तू रविवारी यायचास तेव्हा ती शेजाऱ्यांकडे लपवायलाही मीच सांगितलं. रिक्षातून नुसते लोकांचे पाय दिसतात. तुला वजन हवं होतं ना? आणलंय. लाव तुझी स्प्रिंग."

दादाने गाडी पायरीला लावली आणि बसला. सीटखाली बोटं धरून बसलेल्या दाब्याला गाडी दोन बोटं खाली आलेली कळली. मग आई पायरीवरून सवयीने सरकत मागे बसली. दाब्या थांबला. गाडी हलली नाही. त्याने दोघांना उतरवलं, दोन्ही शॉकअप सगळ्यात मऊ खाचेवर आणले आणि पुन्हा बसायला सांगितलं. तरी नाही.

"आई, नीट बस. पूर्ण वजन टाक."

"बसलेय की मघापासून," आई म्हणाली.

त्याने मान वर केली. पांघरुणाखाली असायची तेव्हा हे कधी दिसलं नव्हतं. दादाच्या पाठीमागे कोणीतरी कपड्यांचं बोचकं ठेवावं, एवढीच ती होती. तो हादरला. जपतोय, जपतोय म्हणत होतो, आणि जपायला उरलं होतं ते एवढंच.

तो उठून आत गेला. मोडीत काढलेल्या एका लहान मोटरसायकलच्या पातळ तारेच्या स्प्रिंगा आणून त्याने त्या बसवल्या. तोवर आई पायरीवर बसून येणारी-जाणारी माणसं बघत होती.

ती पुन्हा दादाच्या मागे बसली. मागची बाजू बोटभर खाली आली, जेमतेम बोटभर. दाब्याने हात तिथेच धरून ठेवला. मग उठून खिशातली किल्ली दादाच्या हातावर ठेवली.

"हळू चालव," तो म्हणाला. "आणि रविवारी तू घरी थांब. तिला न्यायला मी येतो."