गोट्यांसाठी न दिलेला ठेला

बाबा पांढुर्ण्यात ठेल्यावर संत्र्यांच्या पेट्या ओढत. त्या ठेल्यावरच घर चालायचं. आईचं माहेर नदीपल्याड सावरगावात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते, दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगड. एका वर्षी आदल्या दिवशी गोटे वाहायला शेजारी ठेला मागू लागले.

"ठेला नाही भेटणार," बाबा म्हणाले.

"काहून? सावरगावचे जावईबापू हायेत म्हणून?" सगळे हसले.

"सावरगाववाल्यांलेही नाहीच म्हटलं. जखमी न्याचा असन तर या, कोण्याही काठाचा असो."

त्या हंगामात शेजाऱ्यांनी रागानं आपल्या संत्र्यांच्या पेट्या दुसऱ्यांच्या ठेल्यावर चढवल्या. मी चिडले, "एक दिवस दिला असता तर का बिघडलं असतं, बाबा?"

"ज्याले गोटा लागला असता त्याले इचार."

पुढे सौसरच्या कॉलेजात, टीव्हीवर परदेशातली लढाई रोज चालू असताना, सरांनी विचारलं, "तटस्थ देश म्हणजे भित्रा देश का?" बहुतेकांनी हो म्हटलं. मी उठून ठेल्याची गोष्ट सांगितली. तटस्थ राहणं म्हणजे कोणालाच गोटे न पुरवणं, जखमी दोघांचेही उचलणं आणि शिव्याही दोघांच्या खाणं.

मागून एकानं विचारलं, "अन् एक जण दुसऱ्याच्या घरात घुसून मारून राहिला असन तर?"

अजूनही बातम्या लागल्या की तो प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही.

पण बाबांच्या ठेल्यावर आजवर एकही गोटा चढला नाही, आणि त्याच ठेल्याच्या कमाईवर मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले.