दामूचे एकशे नव्वद

दामू गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळोज्याजवळच्या एका हळदीच्या मांडवात माईक धरून नवऱ्याच्या मामाची फिरकी घेत होतो. मांडव हसत होता. फोनवर वहिनी म्हणाल्या, "भावोजी, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली... गेले हो." मी फोन खिशात टाकला आणि अर्धवट राहिलेला विनोद पूर्ण केला! का केला, ते दीड महिना झाला तरी मला उमगलेलं नाही.

दामू माझा मित्र, गव्हाणच्या कोळ्याचा मुलगा, पनवेलच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा. रविवारी सकाळी सोसायटीतली माणसं त्याच्या घरी रक्तदाब मोजून घ्यायला येत. टेबलावर पाऱ्याचं यंत्र, कानात नळ्या आणि चेहरा असा, की पापलेटचा भाव पाडतोय. मी तिथे चहासाठी जायचो, आणि खरं सांगायचं तर आयत्या श्रोत्यांसाठी. एकदा मी विचारलं, "दामू, हा दाब वाढवतं कोण?" झालं! प्राध्यापक उठून उभे राहिले. रक्तवाहिनीला आतून पेशींचं पातळ अस्तर असतं, त्या पेशी एंडोथेलिन नावाचं संप्रेरक बनवतात. ते भोवतालच्या स्नायूंना सांगतं, आवळा. नळी आवळली की दाब चढतो. "मग बंदच करून टाका ना त्याला," मी म्हणालो. "अरे, तेच संप्रेरक उलट अस्तरालाही निरोप देतं, की सैल सोडायची व्यवस्था कर. दोन्ही निरोपांचा तोल राहिला की दाब ताळ्यावर." मी पार गोंधळलो. "म्हणजे सासूबाईच की! पुढच्या दाराने सुनेवर ओरडायचं, मागच्या दाराने लाडू पाठवायचे." दामू इतका हसला की पुढे वर्गातही हेच सांगू लागला. "पण रक्तात ते फारसं मिसळत नाही," तो म्हणाला. "बरंचसं भिंतीच्या बाजूलाच सुटतं. शेजारच्याच्या कानात सांगावं तसं."

सगळ्यांचे दाब मोजणारा हा माणूस स्वतःचा कधी मोजत नसे. गेल्या वर्षी एका रविवारी मी जाहीर केलं, "आज प्रोफेसरांचा नंबर!" पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, त्याने शिकवलं होतं तसा पारा हळूहळू उतरवला. पहिला ठोका ऐकू आला एकशे नव्वदवर. मी आकडा मोठ्याने सांगितला. दामूने पट्टा ओढून काढला आणि गावच्या बोलीत ओरडला, "तुज्या कानान तुजाच आवाज भरलाय, तुला दुसरा काय ऐकू येनार!" सगळे खो खो हसले, वहिनीसुद्धा. मला तर नवा किस्साच मिळाला. 'प्राध्यापकाला मी एकशे नव्वदवर चढवलं', हळदीत, बारशात, निवृत्तीच्या समारंभात, कुठे कुठे सांगितला मी तो! दोन डॉक्टरही हसले त्याला. हसण्यावारी गेलेला आकडा पुन्हा कोण तपासणार? दामूने तो खोटा मानला, की मला खोटा ठरवून तो मोकळा झाला... मी सारखं उलटसुलट करून पाहतो.

गेल्या रविवारी वहिनींकडे गेलो. त्यांनी चहा ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "भावोजी, त्या दिवशी खरंच एकशे नव्वद होतं का?"

बोलण्यावर पोट भरणारा माणूस मी, पण "माहीत नाही, वहिनी," एवढंच म्हणालो.

त्यांनी कपाटातून यंत्र काढलं, टेबलावर ठेवलं आणि हात पुढे केला. "मोजा."

मी मोजला. "एकशे छत्तीस... खालचा शहाऐंशी," मी म्हणालो, आणि लगेच सवयीने, "पण माझ्या कानांवर काय विश्वास ठेवायचा!"

वहिनी हसल्या नाहीत. पर्समधून त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी काढून माझ्यापुढे सरकवली. त्याच सकाळची होती. एकशे छत्तीस, शहाऐंशी.

"तुम्हाला नीट ऐकू येतं, भावोजी," त्या म्हणाल्या.

ही तक्रार होती की नुसती माहिती, मला कळलं नाही, आणि विचारण्याची हिंमत झाली नाही. निघताना त्या म्हणाल्या, "पुढच्या रविवारी या." आज गेलो होतो. दामूच्या खुर्चीत बसलो, वहिनींचा दाब मोजला, आकडा सांगितला, आणि त्याला काहीही जोडलं नाही.