मधली दांडी

आमच्या कामाला मराठीत अजून धड नाव नाही. लोक हात लावतात, फुंकर घालतात, उड्या मारतात आणि समोरची वस्तू वाजते, उजळते नाहीतर रुसून बसते, अशा वस्तू आम्ही तिघं मिळून बनवतो. शनिवार पेठेत घड्याळांच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या आहेत. खालच्या दुकानदारकाकांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, हे कोणी विकत घेतं, की तुमचं तुम्हीच वाजवत बसता? घेणारे आहेत, मी म्हटलं. आणि खरंच आहेत. मला माझं काम चांगलं येतं, हे सांगताना मी आता लाजत नाही.

मागच्या वर्षी खराडीतल्या एका आयटी कंपनीच्या लॉबीसाठी आम्ही लाकडाची एक रुंद चौकट केली. तिच्या दोन टोकांना दोन पितळी पट्ट्या. एकानं या पट्टीवर हात ठेवायचा, दुसऱ्यानं त्या, आणि दोघांनी मोकळे हात एकमेकांच्या हातात द्यायचे. अंगातून अगदी क्षीण, कळणारही नाही असा प्रवाह जातो आणि सूर लागतो. मधे आणखी माणसं आली की सूर खाली उतरत जातो. दोघांत तो भुंग्यासारखा असतो, दहा जणांत तंबोऱ्याच्या खर्जाला टेकतो. एकट्याचे हात दोन्हीकडे पोचू नयेत इतकी ती चौकट मी मुद्दाम रुंद ठेवली होती. खोलीवर आम्ही तिघांनी आणि आमच्या मित्रमंडळींनी ती शंभरदा वाजवली. मी खूश होते.

लॉबीत ती पहिले दोन दिवस गप्प उभी राहिली. लोक यायचे, पट्टीवर हात ठेवायचे, फोटो काढायचे. पलीकडे कोणी अनोळखी माणूस उभा असला की दोघंही एकमेकांकडे बघून कसंनुसं हसायचे आणि लिफ्टकडे वळायचे. एकाच टीमची मुलं खिदळत एकदोनदा वाजवून गेली, तेवढंच.

कार्यक्रमांचं बघणाऱ्या मॅडमनी मला बाजूला घेतलं. बाई वाईट नव्हत्या, काळजीत होत्या. लोकांना अनकम्फर्टेबल होतंय, त्या म्हणाल्या, मधे एक दांडी द्या ना. लाकडी दांडी, दोन्ही टोकांना पितळ, आत तार. एकानं हे टोक धरायचं, दुसऱ्यानं ते, म्हणजे अंगाला अंग लागायला नको. माझ्या जोडीदारांना कल्पना पटली. तासाभराचं काम होतं. मी नाही म्हटलं. का, ते सांगितलं नाही. शेवटी असं ठरलं, की बुधवारी जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना न ओळखणाऱ्या दहा जणांची साखळी झाली तर चौकट आहे तशी राहील. नाही झाली तर गुरुवारी दांडी लागेल.

मंगळवारी संध्याकाळी मी खडकीला घरी गेले. बाबा दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेत. तयार माल तपासून पास-नापास करणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यांना सगळं सांगितलं तर म्हणाले, मग लाव की दांडी, बिघडतं काय?

मला राग आला. आजोबांनी दीक्षा घेतली, वऱ्हाडातलं गाव सोडलं, ते कशासाठी? गावात त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, भांड्याला हात लागू नये म्हणून. हे बाबांनीच मला सांगितलेलं. "दोन माणसांच्या मधे मी माझ्या हातानं दांडी घालणार नाही," मी म्हटलं. बाबांनी एवढंच विचारलं, की ही चौकट तपासली कोणी. मी म्हटलं, आम्हीच. बनवणाऱ्यानंच तपासली असेल तर ती तपासणी नव्हे, ते म्हणाले, आणि उद्या बस कुठली घ्यायची ते विचारून घेतलं.

बुधवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. चौकटीभोवती एक फेरी मारली, पट्टी नखानं वाजवून पाहिली, डावा हात तिच्यावर ठेवला आणि उजवा पुढे केला.

मी जागच्या जागी थिजले. बाबा कधीही आपणहून हात पुढे करत नाहीत. लग्नात, सत्कारात, शेजारच्यांकडे, कुठेही ते समोरच्याची वाट बघतात, त्यानं हात दिला की मग देतात. त्याचं कारण आमच्या घरात कोणाला विचारावं लागत नाही.

सुट्टी झाली. लिफ्टमधून माणसांचे लोंढेच्या लोंढे बाहेर पडले आणि बाबांच्या पुढे केलेल्या हाताला वळसा घालून जेवायला निघाले. कोणी उद्धटपणे वागलं नाही. काही जण तर हसलेही. पण माझे वडील तिथे हात पुढे करून उभे होते आणि तो हात रिकामा होता. त्या क्षणी मला दांडी हवी होती. खरंच सांगते, हाताशी असती तर मीच धावत जाऊन लावली असती. मी पुढे झालेही.

"तू नको," बाबा म्हणाले. "तू धरलास तर कळणार काय?"

एक मुलगी थांबली. गळ्यात कंपनीचं कार्ड, एका हातात कॉफीचा कप. काका, काय करायचं असतं, तिनं विचारलं. बाबांनी सांगितलं. तिनं कप खाली फरशीवर ठेवला, एक हात पलीकडच्या पट्टीवर, दुसरा बाबांच्या हातात. सूर लागला. चारपाच जणांनी वळून पाहिलं. मग दारावरचा गार्ड आला, त्याच्यामागे डबा घेऊन निघालेले दोघं, मग फरशी पुसणाऱ्या मावशी पदराला हात पुसत आल्या. सूर खाली खाली जात राहिला. मॅडम मोजत होत्या. अकरावर त्यांनी मोजणं सोडलं आणि मला म्हणाल्या, राहू दे तशीच. मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

गर्दी पांगल्यावर बाबा म्हणाले, माल चांगला आहे, पण पहिला माणूस कोण ते तू ठरवलंच नव्हतंस. मी वाद घातला नाही. चूक माझीच होती.

गुरुवारी ते परत आले, शुक्रवारीही. सोमवारी त्यांना ताप भरला. लॉबीत मी एकटीच होते. एक वाजला, लिफ्ट उघडली. एवढ्या वस्तू बनवल्या, पण अनोळखी माणसापुढे मी स्वतः कधी हात केला नव्हता. बाबांचा तो रिकामा हात आठवला. मी डावा हात पट्टीवर ठेवला. उजवा पुढे केला, आणि माणसं वळसा घालून जात राहिली तरी खाली घेतला नाही.