काळ्या कागदाचे दोन थर

सायरनचा सराव संपला तरी समोरच्या मालतीबाई खिडकीच्या काचांना काळा कागद चिकटवतच होत्या, घरी शिजवलेल्या खळीनं, कडा बोटानं दाबत. मी माझ्या खिडकीत दिसताच त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही तर जन्मभर अणूच्याच कामात होतात. बॉम्ब पडलाच तर एक थर पुरेल, की दोन लावू?"

"दोन लावा," मी म्हणालो. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण लगेच उतरला.

तेव्हापासून मी जळतोय. इतका हेवा मला सहकाऱ्यांच्या पुरस्कारांचाही वाटला नव्हता. बाईंची भीती खिडकीएवढी आहे. ती कागदानं झाकता येते, आणि शंका आलीच तर समोर शास्त्रज्ञ राहतो. मी कुणाला विचारू? आम्ही जे बनवलं त्यापुढे कागद काय नि भिंत काय! तेव्हा आम्हीही एकमेकांना विचारायचो, हे कधी वापरणार नाहीत ना? आणि "छे, छे" म्हणून एकमेकांची समजूत घालायचो, आज मी बाईंची घातली तशीच.

दुपारी समोरून घोरणं ऐकू आलं. माझ्या शब्दावर बाई गाढ झोपल्या होत्या. मला माझ्या शब्दावर झोप येत नाही.