दाभाडे मामांचं मस्टर

गाडी भरली की दाभाडे मामा दारात उभे राहायचे, मस्टर उघडायचे आणि चष्मा नाकावर ओढून एकेक नाव पुकारायचे. ज्याचं नाव आलं त्यानं तोंडानं 'हाजिर' म्हणायचं. नुसता हात वर केलेला चालत नसे. सगळ्यात शेवटचं नाव त्यांचं स्वतःचं. "किसन भिकाजी दाभाडे!" असं ते तितक्याच खड्या आवाजात पुकारायचे, क्षणभर थांबायचे आणि स्वतःच ओ द्यायचे, "हाजिर!" गाडीत हशा पिकायचा. नवीन आलेला माणूस शेजारच्याला हमखास विचारायचा, म्हातारा जरा सरकलेला आहे का? मामा मस्टर मिटून ड्रायव्हरला सांगायचे, "हां, हाल आता."

संभाजीनगरात फुटबॉल, असं म्हटलं की बाहेरचे लोक हसतात. हसू द्या. आमच्या छावणी भागात तीन-तीन पिढ्या फुटबॉल खेळल्यात आणि बापानं पोराला बॅट घेऊन दिली तर आई विचारायची, ह्याचं काय करायचं? आमचा संघ कुठं नांदेडला, नाशिकला, नागपूरला चषकाच्या सामन्याला गेला की मागून आमची गाडी निघायची. गाडी ठरवणं, तिकिटं आणणं, कोण येणार कोण नाही ते पक्कं करणं, हे सगळं मामांकडं. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्यांनी टाइम ऑफिसला उभी हयात हजेरी मांडली. मी त्याच कारखान्यात फिटर. निवृत्त होताना त्यांनी साहेबाकडं एक कोरं मस्टर मागून घेतलं, तेच आमच्या गाडीचं झालं.

मस्टरवर टोपणनाव चालायचं नाही. आमचा ताशेवाला सलीम, सगळी छावणी त्याला बुलेट म्हणते. त्याच्या आईलासुद्धा आता तेच तोंडात बसलंय. पण मामा पुकारायचे, "शेख सलीम शेख चांद." मी आयुष्यभर सुध्या, पण गाडीत सुधाकर रामराव काळे. तिकिटांचंही तेच. तिकिटं हातात आली की प्रत्येकाच्या मागं पेन्सिलीनं पूर्ण नाव लिहायचे. मी एकदा विचारलं, "मामा, तिकीट कुठलंही घेतलं तरी मॅच एकच दिसणार ना?"

"मॅच एकच दिसंल रं. मानूस एकच हाय का?" ते म्हणाले. "डोकं मोजायचं नाय, सुधाकर. नाव घ्यायचं. डोकं कोनाचंबी आसतंय."

हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. दुसरं एक होतं. कुणी निघताना म्हणालं, मामा आज जिंकणार का, तर ते म्हणायचे, "ते अकरा जन बघतील. आपलं काम, नेलं तेवढं आनायचं."

आणि ते खरोखर तेवढंच करायचे. सामना संपायला दहा मिनिटं उरली की उठून बाहेर, गाडीच्या दाराशी. कितीतरी सामन्यांचे शेवटचे गोल मामांनी बघितलेच नाहीत, नुसता आवाज ऐकला. नाशिकला आमचा एक बहाद्दर सामना सुटल्यावर कुणा पाहुण्याकडं चहाला गेला, न सांगता. दीड तास गाडी हलली नाही. लोक चिडले, शिव्या द्यायला लागले. मीही ओरडलो, "अहो, येईल तो एस्टीनं, लहान आहे का?" मामा दारातून हलले नाहीत. तो आला, मामांनी मस्टर काढून पहिल्यापासून सगळी नावं पुन्हा घेतली, त्याचं आल्यावर त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तेव्हा मला त्यांचा संताप आला होता. एखाद्याला नियमाची खाज असते, तसं वाटलं.

गेल्या वर्षी आमचा संघ चषकाच्या उपांत्य फेरीत गेला आणि सामना लागला कोल्हापुरात, कोल्हापूरच्याच संघाशी. तिथं फुटबॉलचं वेड काय आहे ते सांगायला नको. पाहुण्या संघाला थोडी तिकिटं राखलेली असतात, पण फोन केला की पलीकडून 'बघू, करू.' मामा म्हणाले, "फोनवरचं तिकीट म्हंजे हवा. चल." आम्ही दोघं आठवडाभर आधी एस्टीनं गेलो. आयोजकांच्या कार्यालयात आधी आम्हाला सांगितलं, तिकिटं संपली. मामांनी संघाचं पत्र टेबलावर ठेवलं आणि समोरच्या बाकड्यावर बसले. सकाळपासून दुपारपर्यंत. मधुमेही माणूस, पिशवीतली भाकरी तिथंच खाल्ली. शेवटी तो कारकूनच वैतागून म्हणाला, "बाबा, किती वेळ बसणार?"

"पाव्हने हावोत आमी. पाव्हन्याला रस्त्यावर उभं करनार का तुमी कोल्हापूरवाले?"

बेचाळीस तिकिटं मिळाली. परतीच्या एस्टीत, मांडीवर पिशवी ठेवून, मामा एकेकाचं नाव लिहीत होते. मी सहज म्हणालो, "मामा, ह्या वेळी तरी मॅच पूर्ण बघा." त्यांनी पेन्सिल थांबवली आणि आजवर कधी न सांगितलेलं सांगितलं.

फार वर्षांपूर्वी नांदेडला गाडी गेली होती. तेव्हाही व्यवस्था मामांचीच, पण मस्टर नव्हतं. येताना त्यांनी डोकी मोजली, बरोबर भरली, गाडी निघाली. अर्ध्या वाटेत कळलं की क्लीनर मागं येऊन बसला होता आणि तोही मोजला गेला. राहिला होता प्रकाश. मामींचा सख्खा धाकटा भाऊ. गाडी गाठायची म्हणून तो बिचारा एका भरलेल्या टेम्पोच्या मागं लोंबकळत निघाला. वसमतच्या अलीकडं हात सुटला.

"तुझ्या मामीनं मला एक शबूद बोलला नाय," मामा म्हणाले. "बोलली आसती तर बरं झालं आसतं. तवापासून नाव घेतो. माझंबी घेतो. मीबी राहू शकतो ना रं मागं."

नाशिकला मी त्यांच्यावर ओरडलो होतो ते आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्या भरात मी बोलून गेलो, "मामा, कोल्हापूरला मस्टर मी घेतो. तुम्ही शिट्टी वाजेपर्यंत बसा." त्यांनी हातातल्या तिकिटावरचं नाव लिहून पुरं केलं. मग म्हणाले, "नाव घेशील ना?"

"घेतो हो."

"माझंबी?"

"तुमचंही."

सामना दुपारचा होता. जाताना नेहमीप्रमाणे नावं त्यांनीच घेतली. मैदानात माझ्या शेजारीच बसले. एक-एक बरोबरी होती. शेवटची दहा मिनिटं राहिली तसे सवयीनं उठले, मी हात धरून खाली बसवलं, मस्टर मागून घेतलं आणि मी उठलो. मस्टर देताना त्यांनी ते क्षणभर सोडलं नाही. मग सोडलं आणि हसले. दाभाडे मामांना मी जिवंत बघितलं ते शेवटचं.

मी गाडीपाशी पोचतोय तोवर आत असा गलका झाला की कळलं, कुणीतरी गोल मारलाय. आणि लगेच जी शांतता पडली तिच्यावरून कळलं, आपण मारलाय. त्यांच्या मैदानात, त्यांच्या हजारोंसमोर आमच्या पोरांनी सामना मारला होता! आमचे लोक नाचतच बाहेर आले. मागून दोन-चार दगडही आले. एक हवालदार गाडीच्या पत्र्यावर काठी आपटत ओरडत होता, "काढा गाडी! अडकलात तर आम्ही जबाबदार नाही, काढा!" सगळे एकदम दारात घुसले. मस्टर माझ्या काखेत होतं. मी ते उघडलं नाही.

मी मोजलं. दारात उभा राहून चढणाऱ्यांच्या पाठी मोजल्या. क्लीनरला वगळून मोजलं, तेवढी अक्कल होती मला. एकेचाळीस भरले आणि मी बेचाळिसावा. बरोबर. मी पत्रा ठोकला आणि म्हणालो, "हाल आता."

मामा नेहमी पुढं केबिनमध्ये, ड्रायव्हरशेजारी बसायचे, त्याला डुलकी लागू नये म्हणून. मधलं दार लावलेलं असायचं. आम्हाला मागं वाटलं मामा केबिनमध्ये आहेत. ड्रायव्हरला वाटलं, आज जिंकलेत, म्हातारा मागं पोरांत बसला. सलीमचा ताशा तासभर थांबला नाही.

पेठ नाक्याला चहाला थांबलो. सलीम बिनसाखरेचा चहा घेऊन केबिनकडं गेला आणि तसाच परत आला. "सुध्याभाई, मामा आगे हइच नहीं."

मी मामांचा फोन लावला. तो केबिनमध्ये, त्यांच्या पिशवीत वाजला.

मग मी मस्टर उघडलं. टपरीसमोर सगळ्यांना उभं करून नावं घेतली. एकेचाळीस ओ आल्या आणि एक माणूस कुणाच्याच नावाला न बोलता उरला. पांढरा शर्ट, पन्नाशीचा. पिशोरचा शेतकरी होता, अद्रकीच्या ट्रकबरोबर कोल्हापूरला आलेला, ट्रक पुढं निघून गेला होता. आमच्या गाडीवरचा फलक बघून त्यानं विचारलं होतं, कन्नडकडं जायचंय, संभाजीनगरापर्यंत येऊ का? गर्दीत कुणीतरी म्हणालं, या की, आपल्याकडचेच तुम्ही. त्याचा काय दोष? तो बिचारा हात जोडून म्हणत होता, "मला काय म्हाईत हो, मला काय म्हाईत." मी मोजलेल्या एकेचाळिसांतली एक पाठ त्याची होती.

गाडी फिरवली. मैदानाचं फाटक बंद झालेलं होतं. तिथल्या पहारेकऱ्यानं सांगितलं ते मी त्याच्याच शब्दांत लिहितो, कारण ते तसंच माझ्या कानात राहिलंय.

"म्हातारं मुतारीकडनं मागनं आलं. मी म्हटलं, आजोबा, तुमची गाडी गेली की. तर म्हणालं, जाणार नाय, पलीकडं लावली असंल, नावं घेतल्याबिगर आमची गाडी हलत नाय. त्या कठड्यावर बसलं. जरा वेळानं बघतोय तर घामानं शर्ट भिजलेला, छातीवर हात. दवाखान्यात चला म्हटलं, ऐकंनात. म्हणालं, पोरं येतील, मी हितं दिसलो न्हाई तर रातभर हुडकत बसतील. लई वेळ तसंच बसलं बघा. मग आडवं झालं तवा मी रिक्षात घातलं."

सरकारी दवाखान्यात गेलो तेव्हा त्यांच्या अंगावर चादर ओढलेली होती. डॉक्टर उशिराबद्दल काहीतरी सांगत होते, मी ते पुरतं ऐकलं नाही. नर्सनं विचारलं, "किसन भिकाजी दाभाडे यांचे तुम्ही कोण?" मी उलट विचारलं, नाव कुठून कळलं तुम्हाला? तिनं टेबलावरचं तिकीट दाखवलं. मामांच्या वरच्या खिशात होतं, मागं पेन्सिलीनं त्यांच्याच अक्षरात पूर्ण नाव. मी वेळेवर घेतलं नाही ते त्यांचं नाव शेवटी एका परक्या बाईनं घेतलं.

लोक मला म्हणतात, सुधाकर, नशीब होतं, वय झालं होतं, साखर होती. म्हणू देत. माझ्यामुळं गेले. मस्टर काखेत होतं आणि सगळी नावं घ्यायला मोजून तीन मिनिटं लागतात, मी नंतर घड्याळ लावून बघितलंय. हवालदारानं काठी आपटली म्हणून मी घाबरलो, आणि खरं सांगायचं तर जिंकल्याचा कैफही होता. अंतिम सामना पुण्याला झाला. छावणीतनं कुणी गेलं नाही. गाडी कोण ठरवणार, हेच कुणी कुणाला विचारलं नाही.

मामांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, लोक पांगले. मी मस्टर परत द्यायला म्हणून थांबलो होतो. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी मस्टर त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते उघडून बघितलं नाही. त्यांना वाचता येत नाही.

"सुधाकर," त्या म्हणाल्या, "नावं घेतली व्हती का?"

इतक्या दिवसांत त्यांनी मला विचारलेली ही पहिली गोष्ट. देवाशपथ सांगतो, खरं बोलायचं ठरवूनच मी आलो होतो. पण त्यांच्या तोंडाकडं बघून माझी जीभ फिरली.

"घेतली होती, मामी."

आवाज अजिबात चढला नाही त्यांचा.

"मंग यांच्या नावाला ओ कोनी दिली?"

मामींनी मस्टर उचलून माझ्या मांडीवर ठेवलं आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.