दादाची पिवळी रेघ

माझ्या थोरल्या भावाला एकच खोड आहे, आणि त्या खोडीनं माझ्या गाडीचं वाटोळं केलं असं मी चांगले दोन महिने भेटेल त्याला सांगत होतो. खोड अशी की नट आवळून झाला की तो त्यावर पिवळ्या रंगाची रेघ मारतो. अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. नट जराही फिरला की रेघ तुटलेली दिसते. दादा मेकॅनिक आहे. अडतीस वर्षं झाली, त्याच्या गॅरेजमधून एकही गाडी रेघेशिवाय बाहेर पडलेली नाही. लोक त्याला नावानं ओळखतच नाहीत, रेघवाला म्हणतात.

खोडीला कारण आहे. बावीस वर्षांचा असेल तेव्हा. टेम्पोचं चाक बसवताना मध्येच कोणीतरी हाक मारली, हा उठला, आणि परत आल्यावर सगळे नट आवळलेत असं समजून पुढच्या चाकाकडे वळला. वाटेत चाक निखळलं, ड्रायव्हरचा पाय मोडला. कोणाला काही कळलं नसतं, रस्ता तसाही खराबच होता. पण हा पठ्ठ्या स्वतःहून दवाखान्यात गेला आणि ड्रायव्हरच्या बायकोसमोर उभा राहून म्हणाला, नट माझ्याकडून राहिले. तिनं काय काय ऐकवलं ते त्यानं आजवर घरात सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी रंगाची डबी आणि बारीक ब्रश घेऊन आला. वडील जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. मी शाळेत होतो आणि माझी फी त्याच गॅरेजातून येत होती. तो स्वतः सातवीत शाळा सोडून बसला होता, मी शिकावं म्हणून. हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. आई दाखवायची, दिवसातून दोनदा.

मी काचा वाहतो. खिडक्यांच्या, दुकानांच्या, मोठाल्या आरशांच्या. पिकअपच्या हौद्यात लोखंडी स्टँड उभा केलाय, त्यावर काचा तिरक्या टेकवायच्या, पट्ट्यांनी आवळायच्या आणि मग काठोकाठ भरलेला पेला हातात धरून चालावं तशी गाडी हाकायची. आयुष्यभर जुन्या गाड्या चालवल्यावर ही पहिली नवी घेतली. तीन वर्षांची वॉरंटी. शोरूममधल्या पोरीनं हसून सांगितलं होतं, ‘काका, आता तीन वर्षं निवांत झोपा.’

पहिलं वर्ष संपता संपता, भर दुपारी, अर्ध्या वाटेवर गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूनं तेल गळायला लागलं. पाठीवर काचा. सर्व्हिस सेंटरला फोन केला. ते म्हणाले, टो करून आणा. अरे बाबांनो, गाडीचं तोंड वर उचललं तर मागे काचांचा चुरा होईल! मग माणूस पाठवतो म्हणाले. कधी? परवा. मी फोन ठेवला आणि दादाला लावला.

तो तासाभरात आला. खाली वाकून बघितलं आणि उठला.

‘सील गेलंय. वॉरंटीत आहे ना रे गाडी? मी उघडली तर उद्या ते हात वर करतील.’

‘उघड तू. पुढचं पुढं बघू.’

‘नक्की? नंतर माझ्या नावानं ओरडू नकोस.’

‘दादा, काचा आहेत पाठीवर! उघड म्हटलं ना!’

त्यानं रस्त्यात पोतं अंथरलं आणि आत शिरला. लांब शाफ्ट सोडवला, मागचं झाकण काढलं, सील बदललं, तेल भरलं. दहा बोल्ट आवळले आणि दहांवर रेघा मारल्या. मी शेजारीच उकिडवा बसून बघत होतो. रेघा मारू नकोस म्हणावं, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. नट आवळायचा आणि रेघ मारायची, हे लहानपणापासून बघत आलेला माणूस मी.

पुढे आठ महिने थेंब गळला नाही. मग एक दिवस तिसऱ्या गिअरला गाडी गुरगुरायला लागली. आठवड्याभरात गुरगुर गेली आणि किंकाळ्या सुरू झाल्या. गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी गिअरबॉक्स उतरवून उघडला. पुढचं बेअरिंग फुटून त्याच्या गोळ्या सगळ्या दातांमधून फिरून आल्या होत्या. गिअरबॉक्स अख्खा नवा घालावा लागणार. मी म्हटलं, घाला की, वॉरंटी कशाला आहे!

चार दिवसांनी कंपनीचा तपासणी करणारा साहेब आला. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. त्यानं बेअरिंगचा एक फोटो काढला आणि पिवळ्या रेघांचे वीस.

‘हे बाहेर उघडलंय.’

‘मागचं सील बदललंय फक्त. फुटलंय ते पुढचं बेअरिंग.’

‘पण उघडलंय ना?’

‘हो, पण...’

‘मग झालं तर.’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जगातले बाकीचे मेकॅनिक उघडतात, बंद करतात, पुरावा ठेवत नाहीत. आमचे बंधुराज सहीच करून ठेवतात!

मग सुरू झाले हेलपाटे. सर्व्हिस सेंटरच्या त्या थंडगार खोलीतला काळा सोफा माझ्या बैठकीनं खचला असेल. समोर पडद्यावर जाहिरात चालू. माझ्याच रंगाची पिकअप डोंगर चढतेय, दगड उडवतेय, नदीतून पलीकडे जातेय. आणि माझी मागच्या शेडमध्ये पोट उघडं टाकून जॅकवर. काउंटरवरची मॅडम बिचारी चांगली होती. माझ्याकडे बघून रोज तेच वाक्य म्हणायची, ‘मेल केलाय वर.’ वर म्हणजे कुठे, ते तिलाही माहीत नव्हतं. एकदा मी फार ओरडलो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘काका, सकाळपासून तुम्ही सहावे. बसा, पाणी घ्या.’ मला माझीच लाज वाटली. बसलो, पाणी घेतलं.

दादाला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा चिडला आणि मग समजावायला लागला, जणू मीच साहेब. ‘मागचं दार दुरुस्त केलं म्हणून पुढची भिंत पडते का? बेअरिंग मुळातच कच्चं असणार. त्यांना म्हणावं, माझ्या दहा बोल्टांमधली एक रेघ तुटलेली दाखवा, गॅरेजला कुलूप लावतो.’ तो स्वतः यायला निघाला होता. मीच अडवलं. तिथं येऊन हा खरं बोलणार आणि आगीतून फुफाट्यात.

इकडे माझं काम सुटायला आलं. दोन महिने भाड्याच्या गाडीनं काचा पोचवल्या. तिला स्टँड नाही, दोन काचा तडकल्या. काच कारखान्याचा मालक मला काका म्हणतो, चांगला माणूस आहे, पण तोही शेवटी म्हणाला, ‘काका, पहिल्या तारखेपर्यंत गाडी आली तर ठीक. नाहीतर मला दुसरी बघावी लागेल.’ रात्रंदिवस डोक्यात तेच. बायको म्हणाली, ‘जरा जेवताना तरी गिअरबॉक्स बाजूला ठेवा.’ तिचं बरोबर होतं, पण बावन्नाव्या वर्षी नवं गिऱ्हाईक शोधायला कुठल्या दारात उभा राहू?

तारखेला चार दिवस उरले असताना मॅनेजरनं आत बोलावलं. दार लावलं. खुर्ची दिली, म्हणजे काहीतरी गडबड आहे हे मी ओळखलंच.

‘हे बघा, वॉरंटीत बसत नाही. पण ग्राहकाची चूक नसेल तर कंपनी खास बाब म्हणून गिअरबॉक्स देते. फाइलमध्ये दोष कोणाचा तरी लागतो. आमचा नको, तुमचाही नको.’

‘मग कोणाचा?’

त्यानं छापील कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की बाहेरच्या मेकॅनिकनं माझ्या माहितीशिवाय गिअरबॉक्स उघडला आणि चुकीचं काम केल्यामुळे नुकसान झालं. खाली रिकामी जागा. मेकॅनिकचं नाव, गॅरेजचा पत्ता, माझ्या हस्ताक्षरात थोडक्यात हकिगत, सही.

‘कोणी बघत नाही हो हे,’ मॅनेजर म्हणाला. ‘फाइलला लागतं.’

चोर सोडून संन्याशाला फाशी. हे मला कळत होतं, मी काही इतका बावळट नाही. उठून जावं, कागद त्याच्या तोंडावर फेकावा, असंही वाटलं. पण खरं सांगू? मी थकलो होतो. रागावण्याइतकंही बळ उरलं नव्हतं. मी पेन घेतलं. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, हकिगत लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत बक्षीस मिळालं होतं. ते अक्षर दादानं भरलेल्या फीमधून आलंय, हे लिहिताना मला अगदी स्वच्छ आठवत होतं. तरी लिहिलं.

तीन दिवसांत गिअरबॉक्स आला. गाडी लोण्यासारखी चालायला लागली.

दादानं विचारलं, ‘काय म्हणाले शेवटी?’

‘काय म्हणणार? बेअरिंगच खराब होतं.’

‘बघ! मी म्हणत नव्हतो?’ असा खुलला तो! गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागला, एवढ्या मोठ्या कंपनीनं शेवटी मान्य केलं, रेघवाल्याच्या कामात खोट नाही. चहावाल्याला सांगितलं, पलीकडच्या टायरवाल्याला सांगितलं, वहिनीला तर चार वेळा. मला म्हणाला, ‘त्यांचा कागद असेल ना रे काही? आण, फ्रेम करून लावतो इथं.’ मी म्हटलं, बघतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. म्हटलं, कपाटात कुठंतरी आहे. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी फोनवर बोलतोय असं दाखवून बाहेर सटकलो.

आणि मग तो स्वतःच गेला. कुठलासा पार्ट आणायला त्या बाजूला गेला होता, तेव्हा सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर गाडीचा नंबर सांगून म्हणाला, कंपनीनं जे लिहून दिलंय त्याची झेरॉक्स मिळेल का, मी मालकाचा भाऊ. मॅडमनं चांगुलपणानं फाइल काढली आणि झेरॉक्स दिली.

मला कळलं ते वहिनीच्या फोननं. ‘भावोजी, ह्यांनी दोन दिवस गॅरेज उघडलं नाही. ताप नाही, काही नाही. नुसते बसून आहेत. तुमचं काही बोलणं झालं का?’ मी नाही म्हटलं. तेही खोटंच. भाऊ नुसता बसून आहे म्हटल्यावर काय झालं असेल ते मला कळलं होतं. मी जायला हवं होतं. दोनदा निघालो, दोनदा अर्ध्या वाटेतून परत आलो. बायकोला सगळं सांगितलं. ती इतकंच म्हणाली, ‘मला आधी विचारायचं होतंत.’

पुढचं वर्षभर आम्ही भेटलो ते चारचौघांत. तो नीट बोलायचा. गाडी बरी आहे का विचारायचा. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. दोन ठेवून दिल्या असत्या तर परवडलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो.

मग वॉरंटी संपली. संपल्यावर महिन्याभरात क्लच दाबला की खाली जाऊन तिथंच बसायला लागला. बाहेर मेकॅनिक पुष्कळ आहेत. पण मी गाडी सरळ दादाच्या गॅरेजसमोर उभी केली. म्हटलं, हाकलू दे, शिव्या देऊ दे, एकदाचं होऊन जाऊ दे.

दादा पान्यांचा डबा पुसत होता. माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं.

‘काय झालं?’

‘क्लच वर येत नाही.’

‘वॉरंटी?’

‘संपली.’

‘घे आत.’

गाडी आत घेतली. त्यानं पोतं अंथरलं, हातात टॉर्च घेतला. मला हायसं वाटलं. मिटलं म्हणायचं. मी नेहमीसारखा उकिडवा बसणार, तेवढ्यात तो टेबलाकडे गेला, खणातून वही काढली, एक पान फाडलं आणि पेनासकट माझ्यासमोर धरलं.

‘लिही.’

‘काय?’

‘गाडी माझ्या माहितीनं आणि मी सांगितलं म्हणून उघडली. मेकॅनिकनं मला आधी विचारलं होतं. खाली तारीख घाल.’

‘दादा...’

‘अडतीस वर्षांत कोणाकडून लिहून घेतलं नाही रे. तुझ्याकडून पहिल्यांदा घेतोय.’

आवाज चढवला नाही, काही नाही. ‘सील गेलंय’ म्हणाला होता त्याच आवाजात म्हणाला. बाहेर टायरवाला बघत होता. मी मडगार्डवर पान ठेवून लिहायला लागलो. अक्षर बक्षिसाचं, तरी ओळ खाली खाली गेली. मी म्हटलं, ‘दादा, चुकलं माझं. त्या दिवशी मी...’

‘सही राहिली,’ तो म्हणाला.

मी सही केली. त्यानं चष्मा लावला, पान हातभर लांब धरून वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग नीट चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवलं, खिशाचं बटण लावलं आणि माझ्या गाडीखाली शिरला.