मागच्या गोळ्यातलं तेल

जीपच्या डिफरन्शियलमध्ये जीव अडकलेली खानदेशातली मुलगी मी एकटीच असेन. नव्वदच्या आसपासची गोष्ट. धरणगावला आमची शेंगदाणा तेलाची छोटी गिरणी होती आणि तिच्या गादीवर मी बसायचे, कारण माझा थोरला भाऊ तिथे कधी सापडायचाच नाही. तो घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका जुन्या जीपखाली आडवा असायचा. टप काढून, वजन उतरवून, इंजिनाला मोठा कार्ब्युरेटर बसवून त्याने तिची अशी गत केली होती, की बाजारात ती सुरू झाली की बकऱ्या दुकानांत शिरायच्या.

आबांना, म्हणजे वडिलांना, हे बघवेना. धुळ्याला पांझरेच्या कोरड्या पात्रात जीपगाड्यांची शर्यत ठरली, तेव्हा त्यांनी निकालच लावून टाकला. "जिकना ते खुशाल गॅरेज टाक. हारना ते गपचूप गादीवर बठ."

भाऊचं तोंड उतरलं आणि माझं त्याहून जास्त. तो गादीवर आला की मी कुठे जाणार? स्वयंपाकघरात, आणि तिथून पोह्यांच्या बश्या घेऊन बघायला आलेल्या मंडळींसमोर. मला बाजारभाव कळायचा, शेंगा मुठीत घेतल्या की त्यातली ओल कळायची. ते सगळं सोडायचं माझ्या जिवावर आलं होतं. म्हणून मी जीपमध्ये लक्ष घालायला लागले.

जीपचं दुखणं साधं होतं. मागचं एक चाक वाळूत सुटलं की सगळा जोर त्या नुसत्या गरगरणाऱ्या चाकालाच मिळायचा, आणि घट्ट जमिनीवरचं दुसरं चाक जागचं हलायचं नाही. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, त्यातल्या डिफरन्शियलचा हा स्वभावच आहे, असं भाऊने समजावलं. आबा म्हणाले, "म्हंजे जो काम टाळस त्यालेच चारा." इतकं सोपं करून ते आम्हाला पुढे कोणीच सांगितलं नाही.

यावर इलाज दोन. गोळ्यातले दाते वेल्डिंग करून जाम करायचे, म्हणजे दोन्ही चाकं जन्माची एकमेकांना बांधलेली. नाहीतर मुंबईच्या भंगार बाजारातून लिमिटेड स्लिप जातीचं डिफरन्शियल आणायचं. त्यात पातळ चकत्या एकमेकींना दाबून धरतात आणि एक चाक उधळलं तरी दुसऱ्याचा वाटा बुडू देत नाहीत. भाऊ वेल्डिंगकडे झुकला होता. वेल्डिंगवाला शेजारीच राहत होता, हे त्याचं मुख्य कारण. मी शर्यतीचा रस्ता विचारला. वाळूतून सरळ जायचं, टोकाला ठेवलेल्या पिंपाला वळसा घालायचा, परत यायचं.

"वळसा शे ना?" मी म्हटलं. "वळताना बाहेरलं चाक जास्ती पळस. दोन्ही बांधी टाकं ते वळशी कसा? सरळ पिंपवर जाशी."

भाऊ मिशीला पीळ देत बसला. यंत्राबद्दल माझं काही ऐकलं जाण्याची आमच्या घरातली ती पहिलीच वेळ. चकत्यांचा गोळा आला आणि बसलाही.

विकणाऱ्याने मात्र बजावलं होतं, यात नेहमीचं तेल चालणार नाही, खास तेल घाला. ते जळगावात नव्हतं, भुसावळला नव्हतं, मुंबईहून येणार होतं आणि येत नव्हतं. शर्यतीच्या आदल्या दिवशी आबा शेडमध्ये आले. तेल मुंबईहून येणार हे ऐकून ते लालबुंद झाले.

"तेलना घाना घरमा, नि तेल बाहेरनं?"

त्यांनी स्वतः गिरणीतून गाळलेल्या तेलाचा डबा उचलून आणला. भाऊने विरोध केला, पण आबांपुढे विरोध म्हणजे तेल जरा हळू ओतणं. मी म्हटलं, "आबा, हाई खावानं तेल शे." ते म्हणाले, "चांगलं शे म्हनीसन ते लोके खातस."

दुसऱ्या दिवशी भाऊने जीप सोडली ती झोकात. पिंपाला अशी वळली की मी ओढणी सावरायची विसरले. पण परतीला तिच्या मागून पांढरा धूर निघायला लागला आणि नदीच्या पात्रात भज्यांचा वास सुटला. बघायला जमलेले लोक शर्यत सोडून भज्यांची गाडी शोधायला लागले. तेल इतकं गुळगुळीत, की तापल्यावर चकत्या एकमेकींना धरेचनात. डावं चाक वाळूत गरगरलं, उजवं आरामात बसून राहिलं, आणि बाकीच्या जीपा धुरळा उडवत पुढे गेल्या. जीपचा गोळा कामातून गेला.

आबा वाळू तुडवत जीपपाशी आले. कोणी काही बोलायच्या आत त्यांनी वाकून वास घेतला. पुन्हा घेतला. परक्या गिरणीची भेसळ त्यांना डब्याच्या बाहेरून कळायची, मग घरचं तेल कसं कळणार नाही? मी भाऊच्या शेजारी उभी होते आणि मनाने केव्हाच गादीवरून उठले होते.

"पोर्‍या नही हारना," धोतराचा सोगा झटकत आबा म्हणाले. "तेल हारनं." मग परत एकदा वाकून, "पन वास चांगला शे."

त्या दिवाळीत भाऊने एरंडोल रस्त्याला गॅरेज टाकलं. नारळ आबांनीच फोडला, फक्त गॅरेजमध्ये तेलाचा डबा न्यायला भाऊने त्यांना बंदी केली.

पुढे एकदा पारोळ्याचा एक व्यापारी गिरणीत आला. मला बघून तो आबांना म्हणाला, "आबा, भाव कुणाशी बोलायचा? गादीवर बसणारा तुमचा पोरगा कुठंय?"

आबा खाली बसून शेंगा निवडत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"हाई काय बठेल शे," ते म्हणाले.

माझे डोळे भरून आले. ते त्या व्यापाऱ्याला दिसू नयेत म्हणून मी आवाज चढवून भाव सांगितला, आणि त्या दिवशी त्याला त्यातलं काही म्हणता काही सोडलं नाही.